उस्तादांचं फाटक

मी वर्ग सोडला तेव्हा उस्तादांच्या फाटकावर माझी पट्टी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून कोणी म्हणायचं, बाई म्हाताऱ्याच्या नावाखाली आपलीच आरती ओवाळून घेते आहे. आरती ओवाळावी असं माझ्या हातून काही झालेलं नाही. जे झालं त्याची लाज वाटते, आणि आता तो माणूसही राहिला नाही, म्हणून सांगते.

पातूरला आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती, शेडपुढे छोटंसं आवार. शाळा सुटली की पाच वाजता तिथं वेल्डिंगचा वर्ग भरायचा. ती वर्षंच तशी होती. कापसानं माणसाला कुठलंच ठेवलं नव्हतं, घराघरांतले बैल बाजाराला लागले होते, आणि जो तो आपल्या पोराच्या हाताला शेतीबाहेरचं काही काम लागतं का ते बघत होता. कोण्या संस्थेनं शाळेला मशीन दिलं आणि शिकवायला अकोल्याहून उस्ताद आले. तिकडं ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये वेल्डर होते. जिन बंद पडलं तेव्हा एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक भलंथोरलं लोखंडी फाटक ट्रकात घालून ते पातूरला उतरले. माणूस गाव बदलताना बायको-मुलं आणतो, हा बाबा फाटक घेऊन आला, असं शाळेचे एकुलते एक चपराशी सगळ्यांना सांगत सुटले होते.

शेडच्या मागच्या खोलीतच उस्ताद राहायचे. वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा माणूस. डोक्याला विणलेली गोल टोपी, आणि अंगात बारा महिने लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं तापतं की कावळा झाडावरून खाली पडेल, पण स्वेटर काही निघायचा नाही. कोणी हसलं तर म्हणायचे, उन्हानं घाम येते, ठिणगीनं भोक पडते, तुले काय पायजे ते सांग.

पोरांना ते नावानं कधीच हाक मारत नसत. हजेरीचा कागद चपराशांकडे टाकून द्यायचे आणि ज्याचा बाप जे पिकवतो किंवा विकतो ते त्याचं नाव ठेवायचे. एक होता कांदा. एक होता सरकी. एकाच्या बापाचा पानठेला होता, तो कात. मी फुलमाळ्याची, आमच्या घरी शेवंती आणि झेंडू, म्हणून मी शेवंती. माझं खरं नाव त्यांना माहीत तरी होतं की नाही, देव जाणे.

मी वर्गात शिरले तीही एक गंमतच. नाव माझ्या भावाचं लागलं होतं. भाऊ दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी क्रिकेटला पळाला, चौथ्या दिवशीही पळाला. पाचव्या दिवशी मीच जाऊन उभी राहिले. उस्तादांनी काळी काच डोळ्यांवरून खाली घेतली.

“काहून वं, तुयं काय काम इथं?”

“भाऊ येत नाही. त्याची जागा खाली हाये.”

“जागा खाली हाये म्हनून आली, का शिकाचं हाये म्हनून आली?”

मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी मला नखापासून डोक्यापर्यंत पाहिलं, ओढणीकडे बोट दाखवून ती बाहेर खुंटीला टांगून यायला सांगितलं, कारण ठिणगी ओढणीची दोस्त असते, आणि आपला दुसरा स्वेटर माझ्या अंगावर फेकला. त्याला घासलेटाचा वास होता. दोन वर्षं मी तो घातला.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. जळता रॉड कसा दिसतो ते काचेशिवाय पाहिलं. एकदाच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. रात्री डोळ्यांत कोणी मूठभर वाळू ओतल्यासारखं व्हायला लागलं. सकाळी डोळे सुजून बोरं झाली. आई बोंबलायलाच लागली, की पोट्टीचे डोळे गेले, आता हिच्याशी लग्न कोण करणार. तेवढ्यात उस्ताद दारात. कोणी सांगितलं ठाऊक नाही. खिशातून त्यांनी एक बटाटा काढला, आईकडून विळी मागितली, दोन चकत्या कापून माझ्या डोळ्यांवर ठेवल्या आणि ओसरीवर बसून राहिले. आई आतून त्यांना जे ऐकवायचं ते सगळं ऐकवत होती. ते आपले चकत्या गरम झाल्या की नव्या कापायचे. दुपारी मला दिसायला लागलं तेव्हा उरलेला अर्धा बटाटा खिशात घालून निघून गेले. बाबा म्हणाले, याच्या वर्गात जाऊ दे हिला. आईनं आठ दिवस बाबांशी अबोला धरला.

त्या काळात लाइन कधी जाईल आणि कधी येईल याचा काही नेम नव्हता. पाचला वर्ग आणि पाचलाच लाइन गुल, असं किती वेळा झालं. दुसरा मास्तर असता तर त्यानं सुट्टी दिली असती. उस्ताद कोरडी वेल्डिंग घ्यायचे. म्हणजे होल्डरमध्ये रॉडऐवजी खडू लावायचा आणि फुटक्या पाटीवर रेघ ओढायची. नुसती रेघ नाही, बारीक बारीक चंद्रकोरी एकीला एक चिकटून, अशी ओळ. दुसऱ्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला. पेला सांडला की पाटी पुसायची आणि पुन्हा. अंधार पडत आला तरी आम्ही आपले चंद्रकोरी काढतो आहोत. आज माझ्या दुकानातली कामगार मंडळी माझा हात पाहून कुठं शिकलात म्हणून विचारतात, तेव्हा मी पाटीवर म्हणते, त्यांना ती थट्टा वाटते.

हात, हा त्यांचा मोठा विषय. प्रत्येक माणसाचं अक्षर वेगळं, तसा वेल्डिंगचा हात वेगळा, असं ते म्हणायचे, आणि ते खरं करून दाखवायचे. बसस्टँडवरच्या कठड्यापाशी थांबून सांगायचे, हा जोड अमक्या कारागिरानं मारला, आणि घाईत होता, घरी भांडण झालं होतं. भांडणाचं आम्ही काय तपासणार! पण आमच्या सगळ्यांच्या पट्ट्या एकत्र टाकल्या तर ते एका नजरेत वेगळ्या करायचे, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. हे लक्षात ठेवा.

आता फाटक. एका झडपेचं फाटक होतं ते. उस्तादांचा नियम असा, की पोरानं आपल्या घरचं लोखंड आणायचं. पैसा लागत नाही आणि लोखंडाची लाज राहते, हे त्यांचं म्हणणं. बैल गेलेल्या घरांत लोखंडाला काय तोटा? कोणी वखराची पास आणायचं, कोणी बैलगाडीच्या चाकाची धाव. आमच्या घरी बैल नव्हतेच. मी आमच्या विहिरीचा मोडका कठडा आणला होता, हिरवा रंग दिलेला. त्या लोखंडाच्या वीत-वीत पट्ट्या कापायच्या, दोन पट्ट्या जोडायच्या, आणि जोड तयार झाला की उस्ताद तो पकडीत आवळून हातोड्याचे तीन घाव घालायचे. तुटला तर भंगारात. वाकला पण तुटला नाही, तर ती पट्टी त्या पोरानं स्वतःच्या हातानं फाटकावर जोडायची. ती जोडली की शिक्षण संपलं. चहा, गुळाचा खडा, पाठीवर एक थाप, आणि जाय.

पोरं जायची. पुण्याला, सुरतेला, एक तर पार मस्कतला गेला. प्रत्येक जण जाताना सांगायचा, उस्ताद, दिवाळीत येतो. आणि दरवर्षी फाटक जड होत जायचं. बिजागऱ्या वाकायच्या, उस्ताद नव्या करायचे, त्याही वाकायच्या. माझ्या वेळेपर्यंत ते एका माणसाला उघडेनासं झालं होतं. एकटे असले की ते कसंबसं वीतभर सरकवायचे आणि तिरके होऊन त्यातून निघायचे. वर्गाच्या वेळी ते आतून ओढायचे आणि आम्ही बाहेरून ढकलायचो. बकऱ्या शिरतात म्हणून पोरं आत आली की पुन्हा लावायचं, तेही सगळ्यांनी मिळून. एकदा कांद्यानं शहाणपण शिकवलं, की खाली एक चाक लावा, एका बोटानं उघडेल. वेल्डरला हे सुचलं नसेल का? उस्ताद म्हणाले, “चाक लावलं तं मंग तुमाले कशाले बोलावू?” आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, विनोद केला.

फाटकावरची सगळ्यात पहिली पट्टी, वरच्या बिजागरीजवळची, त्यांच्या मुलाची होती. जिनिंगमध्ये असतानाच त्यांनी त्याला शिकवलं होतं. तो सौदीला गेला आणि तिकडचाच झाला. आधी पत्रं यायची, मग सणाला शाळेत फोन यायचा, मग तोही येईना. बायको आधीच वारलेली. हे सगळं मला चपराशांनी सांगितलं. उस्तादांनी त्यातलं अक्षर कधी काढलं नाही. फक्त त्यांचा एक चाळा होता, ते रोज चहा दोन कपांत ओतायचे. एक प्यायचे, दुसरा मशीनवर ठेवायचे. विचारलं तर कोनी आलं तं, एवढंच. कोणी आलं नाही की वर्ग सुटताना तो गारढोण चहा स्वतःच पिऊन टाकायचे, तोंड वाकडं न करता.

दोन वर्षं झाली आणि माझी पट्टी काही फाटकावर जाईना. कांद्याची गेली, सरकीची गेली. कात तर माझ्यामागून आला आणि माझ्याआधी गेला. माझ्या पट्ट्या तुटत नव्हत्या, बरं का. तीन घाव घालून झाले की ती वाकलेली पट्टी उस्ताद हातात फिरवायचे आणि म्हणायचे, “अजून नाही, शेवंती.” आणि एका पिंपात टाकायचे. मी पोट्टी म्हणून असं करतात, असं मला वाटायला लागलं. घरी येऊन रडायचे. पुन्हा दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून हजर.

दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका कारखान्याची माणसं शाळेत आली. त्यांना पोरं हवी होती आणि, ऐका, पोरीही चालणार होत्या, राहायची सोय वेगळी होती. त्यांची अट सोपी होती, उस्ताद ज्याला तयार म्हणतील तो आमचा. बाबांना मी कसं तयार केलं ते मलाच माहीत. आईनं तर पिशवीही भरायला घेतली होती. उस्तादांनी तिघांची नावं दिली. माझं नाव दिलं नाही. हात कच्चा आहे, दिवाळीनंतर पाहू, असं त्या माणसांना सांगितलं. ती माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होती.

माझं डोकंच फिरलं. दरवर्षी पोरांनी घरचं लोखंड आणलं की आधी उस्ताद नमुना म्हणून स्वतः एक पट्टी जोडून दाखवत. आमच्या वर्षी त्यासाठी त्यांनी माझंच हिरवं लोखंड घेतलं होतं, आणि ती पट्टी मी मागून घेतली होती. ती दप्तरात होती. गंज चढला होता तो घासून काढला आणि त्याच संध्याकाळी मी शेडवर गेले. दुसरं कोणी नव्हतं, मैदानापलीकडे चपराशी झाडांना पाणी घालत होते. फाटक आम्ही दोघांनी मिळून उघडलं आणि लावलं. मी पट्टी पुढे केली. म्हटलं, शेवटची. हिच्यावर काय ते सांगा.

त्यांनी ती पकडीत आवळली, तीन घाव घातले. जोड जागचा हलला नाही. हातात घेतली, फिरवली.

“अजून नाही, शेवंती.”

“उस्ताद, हा तुमचा हात हाये.”

ते खाली स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना मी बिनटोपीचं पहिल्यांदाच पाहत होते, डोकं अगदी लहान मुलासारखं दिसत होतं.

“म्या पाह्यलंच नाही,” ते म्हणाले. “तुयी पट्टी पाह्याची गरज नाही पडत. गेल्या होळीपासूनच तुया हात पक्का हाये.”

“मंग काहून असं केलं?”

“समदे गेले. तू गेली तं हे फाटक माह्यासंगं कोन ढकलंन?”

आज मी पस्तिशी ओलांडली आहे आणि हे वाक्य मला कळतं. सोळाव्या वर्षी कळलं नाही. सोळाव्या वर्षी मला फक्त एवढं कळलं, की या माणसानं माझं पुणं खाल्लं. मी स्वेटर काढला, मशीनवर फेकला, तिथला तो दुसरा कप लवंडला. आणि म्हटलं, “मंग आता एकटेच ढकला.”

एवढं बोलून ताडताड निघून जावं, तर तीही सोय नव्हती. फाटक लावलेलं होतं. मी एकटीनं जोर केला, ते जागचं हललं नाही. शेवटी उस्ताद उठून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता ते फाटक ओढलं. मी बाहेर पडले. मागं लावायला थांबले नाही. चपराशी सांगतात, ते रात्रभर उघडंच होतं.

उस्तादांनी त्याच रात्री शाळेत जाऊन त्या माणसांना माझं नाव सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं. पण मी सकाळी पाचच्या एसटीनं अकोल्याला मावशीकडे निघून गेले होते. शोधायला आलेल्या चपराशांना आईनं मावशीचा पत्ता न सांगता दारातूनच परत पाठवलं. चूक कोणाची म्हणाल? अर्धी त्यांची, अर्धी माझी, आणि आईचीही थोडी धरा.

अकोल्यात मी खिडक्यांच्या ग्रील बनवणाऱ्या एका दुकानात लागले. आधी लोक बाई वेल्डिंग करते म्हणून बघायला उभे राहायचे, मग हात बघून काम द्यायला लागले. पुढं स्वतःचं दुकान टाकलं. पातूर तासाभरावर. सणावाराला घरी जायचे, बस शाळेवरून जायची आणि खिडकीतून फाटक दिसायचं. नेहमी लावलेलं. दरवेळी वाटायचं, उतरावं. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. अशी किती वर्षं गेली ते सांगायलाही तोंड नाही मला.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या नव्या हेडमास्तरांचा फोन आला. त्यांना मी त्या शाळेची हेही माहीत नव्हतं. त्यांना फक्त अकोल्यातला कोणी वेल्डर हवा होता. म्हणाले, मॅडम, एक जुनं फाटक कापून न्यायचं आहे, शाळेच्या गाड्या उभ्या करायला जागा करतो आहोत. मी विचारलं, तिथले उस्ताद? ते म्हणाले, ते तर कधीचेच बहिणीकडे तेल्हाऱ्याला गेले होते, तिकडंच वारले.

गॅस कटर टेम्पोत घालून गेले. चपराशी आता थकले आहेत, तरी काठी टेकत आले. मला ओळखलं. म्हणाले, तू गेल्यावर एक वर्ष चार-दोन पोरं आली, मग नाही आली. पण पाच वाजले की उस्ताद फाटकाला हात लावून आतल्या बाजूला उभे राहत. पुढंपुढं तर फाटक वीतभरही सरकेना, मलाच जाऊन ढकलावं लागायचं. म्हातारपणानं जोर गेला असेल, मी म्हटलं. जोर तं गेलाच होता, पण फाटकही जड झालं होतं, ते म्हणाले. मला कळेना. पोरंच नाहीत तर फाटक जड कशानं होणार?

मी, ते आणि टेम्पोवाला, तिघांनी खांदा लावला तेव्हा ते कुरकुरत उघडलं. मी आत जाऊन कटर लावायला वळले आणि आतली बाजू पाहिली.

बाहेरून एकेका पोराची पट्टी होती, आणि तिच्या पाठीला पाठ लावून, रस्त्यावरून कोणाला दिसणार नाही अशी, आतून एकेक हिरवी पट्टी. वरपासून खालपर्यंत. दोन वर्षांत पिंपात टाकलेल्या माझ्या सगळ्याच्या सगळ्या. ठोकून सरळ केलेल्या. माझा हात मला ओळखू येतो. अगदी सुरुवातीचे ओबडधोबड जोड खाली होते, आणि वर जाता जाता चंद्रकोरी नीट होत गेल्या होत्या. वरच्या बिजागरीपाशी, मुलाच्या पट्टीमागं, मी फसवायला नेलेली ती त्यांच्या हातची पट्टी होती. मी चपराशांसमोर, त्या टेम्पोवाल्यासमोर, तोंड उघडं टाकून रडले.

कापलं नाही. आठ माणसं लावून फाटक अकोल्याला आणलं, दुकानापुढे दोन दणकट खांब उभारले आणि टांगलं. माझ्याकडे आता तिघं कामाला आहेत, त्यांतल्या दोघी पोरी. त्यांचं रोजचं एकच टुमणं, मॅडम, खाली एक चाक लावू. मी म्हणते, चाक लावलं तं मंग तुमाले कशाले बोलावू? त्या हसतात. हसू द्या.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचते, जुनी सवय. कुलूप काढते, खांदा लावते. फाटक वीतभर सरकतं, आणि मी काही उस्तादांसारखी काडी नाही. मग समोरच्या टपरीवर दोन चहा सांगते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते.